कागदात गुंडाळलेलं एक वर्ष

डिसेंबरच्या चोवीस तारखेची संध्याकाळ. अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या शहरात दुकानं एकेक करून बंद होताहेत, कुरिअरची शेवटची गाडी निघून गेली आहे आणि आठ वर्षांच्या भाच्यासाठी अजून काहीच घेतलेलं नाही. अशा अडलेल्या मामाच्या मदतीला या घटकेला कोण धावून येत असेल? शहरातलं प्राणिसंग्रहालय. किंवा विज्ञान संग्रहालय, मत्स्यालय, वनस्पती उद्यान. त्यांच्या संकेतस्थळावर ‘गिफ्ट मेंबरशिप’चं बटण असतं. ते दाबायचं, भाच्याचं नाव भरायचं, कार्डाने पैसे द्यायचे. दोन मिनिटांत जिराफाच्या चित्राचं एक पान प्रिंटरमधून बाहेर येतं. घडी घालून पाकिटात टाकलं, वर रिबीन बांधली की नाताळची भेट तयार.

या पानाकडे जरा निरखून पाहिलं तर नवल वाटतं. पैसे गेले मामाच्या खिशातून. वर्षभर जिराफ बघणार भाचा, आणि त्याला घेऊन जाण्याच्या निमित्ताने त्याचे आईबाप. रक्कम जमा झाली संस्थेच्या खात्यात. आणि तिचा काही हिस्सा खर्च होणार एखाद्या म्हाताऱ्या पाणमांजराच्या दातांवर, ज्याला मामा ठाऊक नाही की नाताळ ठाऊक नाही. व्यवहार एक, सुखी चौघं. अर्थशास्त्रात असं काही दिसलं की शहाणा माणूस आधी आपला खिसा चाचपून बघतो. इथे मात्र खरोखरच कोणी कोणाला फसवलेलं नाही.

उलट नेहमीच्या भेटवस्तूंमध्येच बरीच गळती असते. जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात एक निबंध लिहिला. विषय : नाताळच्या भेटींमुळे होणारं नुकसान. येलच्या विद्यार्थ्यांना त्याने विचारलं, तुला मिळालेल्या वस्तूमागची माया क्षणभर बाजूला ठेव; ही वस्तू स्वतःसाठी घ्यायची असती तर तू किती पैसे मोजले असतेस? उत्तरं आली ती देणाऱ्याने मोजलेल्या किमतीच्या खालीच. वॉल्डफोगेलच्या हिशेबाने भेटीच्या किमतीचा एक दशांश ते एक तृतीयांश भाग असा हवेत विरून जातो. समवयस्क मित्र आणि जोडीदार यांच्या भेटी त्यातल्या त्यात नेमावर बसतात. सर्वांत जास्त चुकतात ते आजी-आजोबा आणि काका-मामा-आत्या! स्वेटर एक माप मोठा, खेळणं दोन वर्षं उशिरा. पुढे २००९ मध्ये याच गृहस्थांनी ‘स्क्रूजनॉमिक्स’ नावाचं छोटेखानी पुस्तक लिहिलं आणि ज्यांच्याकडे सगळंच आहे अशांना देणगीची भेटकार्डं द्या, असं सुचवलं.

सभासदत्वाची भेट ही गळती बरीचशी बुजवते. भाचा वर्षभरात एकदाही प्राणिसंग्रहालयाकडे फिरकला नाही, तरी पैसे कपाटात धूळ खात पडत नाहीत. ते पाणमांजरापर्यंत पोचलेले असतात. शिवाय देणाऱ्याचंही एक सुख असतं. जेम्स अँड्रिओनी यांनी १९९० च्या सुमारास त्याला अर्थशास्त्राच्या समीकरणात रीतसर जागा दिली. माणूस दान देतो ते केवळ जगाचं भलं व्हावं म्हणून नाही, तर देताना त्याला स्वतःला आतून जी ऊब मिळते तिच्यासाठीही देतो, असं त्यांचं म्हणणं. आपल्या मामाला ही ऊब एका पावतीत दोनदा मिळते : एकदा भाच्याला भेट दिल्याची, एकदा संस्थेला हातभार लावल्याची.

भेट म्हणून सभासदत्व द्यायची ही कल्पना इंटरनेटच्या काळातली वाटते, पण ती शंभर वर्षांहून जुनी आहे. तिचं सर्वांत थोरलं उदाहरण तर आपल्यापैकी अनेकांनी हाताळलेलं आहे. फोर्टातल्या फुटपाथवर, पुण्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत पिवळ्या चौकटीचे ते गुळगुळीत अंक वर्षानुवर्षं गठ्ठ्यांनी दिसायचे. तेच ते, ‘नॅशनल जिऑग्राफिक’.

जानेवारी १८८८ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉसमॉस क्लबात ३३ जण जमले आणि नॅशनल जिऑग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भूगर्भशास्त्रज्ञ, नकाशे काढणारे, लष्करी अधिकारी अशी ही मंडळी. त्यांचं मासिक विद्वत्तापूर्ण होतं, म्हणजे फारसं कोणी वाचत नव्हतं. दहा-अकरा वर्षांनी संस्थेकडे जेमतेम हजार सभासद आणि डोक्यावर कर्ज, अशी अवस्था झाली. अध्यक्ष होते अलेक्झांडर ग्रॅहम बेल, टेलिफोनवाले. त्यांनी १८९९ मध्ये गिल्बर्ट ग्रोव्हनर या २३ वर्षांच्या तरुणाला नोकरीवर घेतलं आणि त्याचा महिना शंभर डॉलर पगार स्वतःच्या खिशातून देऊ लागले. (पुढच्याच वर्षी बेलसाहेबांच्या मुलीशी, एल्सीशी, या तरुणाचं लग्न झालं.) ग्रोव्हनर कचेरीत पहिल्यांदा गेला तेव्हा तिथे त्याच्या स्वागताला होते ते विक्रेत्यांकडून परत आलेले, न विकले गेलेले अंक. खोकीच्या खोकी.

त्या काळात मासिकांच्या धंद्यातला मोठा माणूस म्हणजे सॅम्युअल मॅक्लूर. त्याचा सल्ला घेतला गेला. तो म्हणाला, मासिकाचं नाव बदला, त्यातला तो ‘भूगोल’ काढून टाका, बिऱ्हाड न्यूयॉर्कला हलवा आणि सभासदत्वाची भानगड सोडून सरळ अंक विका. बाजाराच्या दृष्टीने यातलं काहीही चूक नव्हतं. बेल आणि ग्रोव्हनर यांनी यातलं काहीही केलं नाही.

त्यांनी उलटा रस्ता धरला. मासिकाचे वर्गणीदार करायचेच नाहीत; करायचे ते संस्थेचे सभासद. वर्षाला दोन डॉलर भरले की तुम्ही नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीचे सभासद, अंक तुम्हाला घरपोच येणार आणि तुमच्या पैशातून जगाच्या टोकांकडे मोहिमा निघणार. आणखी एक मेख होती. सभासद व्हायला कोणीतरी तुमचं नाव सुचवावं लागे. अंकातच तसा छापील अर्ज असायचा : मी अमुक अमुक यांचं नाव सभासदत्वासाठी सुचवतो. एखाद्या प्रतिष्ठित क्लबात प्रवेश मिळावा तसा हा थाट. आत मात्र सगळ्यांनाच घेत. ज्याचे दोन डॉलर पोचले त्याला नकार मिळाल्याचं काही ऐकिवात नाही. आयोवातल्या शेतकऱ्याला, ओहायोतल्या शाळामास्तराला वॉशिंग्टनच्या एका वैज्ञानिक संस्थेकडून पत्र येई की आपलं नाव सुचवण्यात आलं आहे. कोणी सुचवलं? मेव्हण्याने. आता मेव्हण्याचा शब्द कसा मोडणार!

थोडं नशीबही साथीला आलं. डिसेंबर १९०४ मध्ये जानेवारीच्या अंकात ११ पानं कोरी राहत होती आणि भरायला मजकूर नव्हता. ग्रोव्हनरच्या टेबलावर एक पाकीट येऊन पडलं होतं : रशियाच्या शाही भूगोल संस्थेने धाडलेली ल्हासाची छायाचित्रं, फुकट. तेव्हाचं तिबेट म्हणजे बाहेरच्या जगाला जवळपास बंद मुलूख. ग्रोव्हनरने ११ च्या ११ पानं फोटोंनी भरून टाकली आणि आता आपली नोकरी जाणार असं धरून बसला. झालं ते वेगळंच. रस्त्यात लोक थांबवून अभिनंदन करायला लागले आणि १९०५ या एका वर्षात सभासद तिपटीने वाढले.

नाव सुचवण्यापासून स्वतःच पैसे भरून नाव घालण्यापर्यंतचं अंतर फार थोडं होतं. नाताळ जवळ आला की सोसायटी आपल्या सभासदांना आठवण करू लागली : या वर्षी मित्राला सभासदत्व द्या. पैसे भरले की सोसायटीकडून मित्राला सुबक भेटकार्ड जाई, त्यावर देणाऱ्याचं नाव. मग वर्षभर दर महिन्याला टपालात पिवळ्या चौकटीचा अंक, आणि दर अंकागणिक ‘हे आपल्याला अमक्याने दिलंय’ याची उजळणी. नाताळची दुसरी कुठली वस्तू वर्षात बारा वेळा भेट दिल्याचं पुण्य पदरात टाकते? विसाव्या शतकाच्या मध्यावर सभासदांची संख्या वीस लाखांच्या घरात गेली आणि १९८० च्या दशकात ती एक कोटीच्या वर होती. या पैशांतून काय काय निघालं ते सांगायला गेलं तर वेगळा लेख होईल. हिराम बिंगहॅमला १९१२ मध्ये माचू पिचूच्या मोहिमेसाठी रक्कम मिळाली. टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात चिंपांझींमागे हिंडणाऱ्या जेन गुडॉल यांना १९६१ पासून अनुदान मिळालं. एखाद्या आत्याबाईंनी शिकागोत बसून भाच्याला दिलेली नाताळची भेट गोंबेच्या झाडीत दुर्बीण होऊन उगवली, असं म्हटलं तर ते अलंकारिक नाही, हिशेबाच्या वहीतलं सत्य आहे.

त्या अंकांचं पुढे काय व्हायचं? काहीच नाही. ते कोणी टाकून देत नसे. १९७४ साली एका विनोदी विज्ञानपत्रिकेत गंभीर चेहऱ्याने मांडलेला सिद्धांत होता की घराघरांतल्या माळ्यांवर साठलेल्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या वजनाने लवकरच उत्तर अमेरिका खंड खचणार आहे. हे सगळं आता इतिहासजमा होत चाललंय. २०१५ मध्ये मासिक नफ्यासाठी चालणाऱ्या एका कंपनीत गेलं; तिच्यात बहुमताचा हिस्सा फॉक्सचा होता, तो २०१९ मध्ये डिस्नीकडे गेला. सोसायटी ना-नफा म्हणून मागे राहिली. अंक मिळतो, पण तो घेणारा आता ग्राहक असतो. मला विचाराल तर मॅक्लूरचा सल्ला शेवटी मानला गेला, एक शतक उशिराने.

संस्थांना या भेटीची एवढी ओढ का, हे समजायला त्यांच्या हिशेबात डोकवावं लागतं. अनोळखी माणसाला सभासद करून घेणं हे भलतं महाग काम आहे. हजारो पत्रं छापायची, पाकिटांत भरायची, टपालखर्च सोसायचा, जाहिराती द्यायच्या. त्यातून मूठभर लोक होकार देतात. नव्या सभासदाकडून पहिल्या वर्षी येणारी वर्गणी त्याला मिळवायच्या खर्चात पुष्कळदा विरघळूनच जाते. संस्थेला खरी मिळकत सुरू होते ती तो दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी नूतनीकरण करतो तेव्हा. भेटीच्या सभासदत्वात मात्र शोधाशोधीचं हे काम जुना सभासद स्वतः करतो, पैसेही तोच भरतो, आणि वर आपल्या शब्दाचं वजन फुकट वापरू देतो. संस्थेच्या जाहिरातीवर विश्वास न ठेवणारा माणूसही धाकट्या बहिणीने दिलेल्या पाकिटावर ठेवतो.

इथे व्यायामशाळेशी तुलना केल्याशिवाय राहवत नाही. स्टेफानो डेलाव्हिग्ना आणि उल्रिके माल्मेंडियर यांनी २००६ मध्ये बॉस्टन परिसरातल्या व्यायामशाळांच्या सभासदांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महिन्याला सत्तर डॉलरहून अधिक भरणारी ही मंडळी महिन्यातून सरासरी ४.३ वेळा जात होती. म्हणजे एका खेपेला सतरा डॉलर पडत होते, आणि दहा खेपांचा पास घेतला असता तर दहाच पडले असते. व्यायामशाळेची चूल पेटते ती न येणाऱ्यांवर. संग्रहालयाचं गणित नेमकं याच्या उलट आहे. न येणारा सभासद पहिल्या वर्षी स्वस्त पडतो खरा, पण वर्ष संपल्यावर तो जातो तो कायमचा. जो चार वेळा येतो, मुलाला पेंग्विनांना मासे घालताना दाखवतो, येताना एका मित्राच्या कुटुंबाला घेऊन येतो आणि उपाहारगृहात सगळ्यांचं बिल भरतो, तो पुढच्या वर्षीही पैसे देतो. म्हणून संग्रहालयं सभासदांना ‘या हो, या’ म्हणून सतत बोलावत असतात. सभासदांची रात्र, सभासदांची न्याहारी, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सभासदांना आधी प्रवेश. आमंत्रणांचा हा मारा माया वाटावी असा असतो, आणि त्यात थोडी माया असतेही.

भेट मिळालेल्या सभासदाची गोष्ट नाजूक असते ती इथेच. त्याने काही स्वतः निवड केलेली नसते. त्यामुळे नूतनीकरणाच्या वेळी तो कच्चा निघतो, ही या क्षेत्रातल्या मंडळींची जुनी तक्रार आहे. आता भेटीचा अर्ज बघा. साध्या सभासदाच्या अर्जावर एक पत्ता असतो, यावर दोन : देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. त्याखाली बारीक अक्षरात प्रश्न, कार्ड कोणाकडे पाठवू? भाच्याकडे थेट पाठवलं तर नाताळच्या आधीच गुपित फुटणार. मामाकडे पाठवलं तर तो ते स्वतः देऊ शकतो. आणि अकरा महिन्यांनी याच दोन पत्त्यांपैकी एकावर नूतनीकरणाचं पत्र जायचं असतं. कोणत्या? भाच्याच्या घरी गेलं, तर गेल्या वर्षीच्या भेटीचं या वर्षी बिल आल्यासारखं वाटतं. मामाच्या घरी गेलं, तर तो कदाचित मनात म्हणेल, एकदा दिलं ना, झालं. मासिकांच्या धंद्याने हे कोडं फार पूर्वी सोडवलं होतं : देणाऱ्याला विचारा, आणि नोव्हेंबरात विचारा. कारण डिसेंबरात दिलेली भेट संपते डिसेंबरातच. नाताळला काय द्यायचं या विवंचनेत माणूस असतो, नेमक्या त्याच आठवड्यात पत्र येतं की गेल्या वर्षी तुम्ही हे दिलं होतं, पुन्हा देता का? नकार द्यायचा तर नवी भेट शोधण्याची तसदी घ्यावी लागते. या पत्राची वेळ ज्याने पहिल्यांदा साधली, त्याला माणसाच्या आळसाचं सखोल ज्ञान असणार.

डिसेंबरची आणखी एक गंमत अमेरिकेपुरती आहे. तिथलं करवर्ष सर्वसामान्य माणसासाठी ३१ डिसेंबरला संपतं. त्या रात्री बारापर्यंत दिलेली देणगी त्या वर्षीच्या हिशेबात धरता येते. म्हणजे नाताळ आणि करसवलतीची शेवटची तारीख यांत फक्त सहा दिवसांचं अंतर. मन उदार व्हायचा मोसम आणि खिशाने उदार व्हायचा मुहूर्त, दोन्ही एकाच आठवड्यात. त्यात २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘९२वा स्ट्रीट वाय’ या सांस्कृतिक केंद्राने आणि युनायटेड नेशन्स फाउंडेशनने ‘गिव्हिंग ट्यूसडे’ काढला : थँक्सगिव्हिंगनंतर शुक्रवारी खरेदी, सोमवारी ऑनलाइन खरेदी, मग मंगळवारी दान. तेव्हा नोव्हेंबरअखेरपासून संस्थांची नुसती धांदल असते. अर्थात सभासदत्व म्हणजे संपूर्ण दान नव्हे. बदल्यात काही मिळालं तर तेवढी किंमत वजा करावी लागते. तरी तिथल्या करखात्याने एक सूट ठेवली आहे. वर्षाची वर्गणी ७५ डॉलरपर्यंत असेल आणि बदल्यात मोफत प्रवेश, मोफत पार्किंग अशाच नेहमी वापरायच्या सवलती मिळत असतील, तर त्यांची किंमत मोजत बसू नका, असं ते म्हणतं. जिराफ बघण्याच्या आनंदावर बाजारभाव लावायचा नाही, असं करखात्याने म्हणावं हे मला फार आवडतं.

आपली माणसं या चक्रात कशी आली ते ठाण्यातल्या एका घरी व्हिडिओ कॉलवर कानावर पडलं. पलीकडे न्यू जर्सीतली मुलगी, अलीकडे आई.

“आई, या खेपेला खेळणी आणू नकोस हं. ठेवायला जागा नाहीये.”

“अगं, मग नातवाला काय कागद देऊ हातात?”

“कागदच दे. सायन्स सेंटरची वर्षाची मेंबरशिप. मी लिंक पाठवते, बाबांना सांग भरायला.”

“आणि तो उघडून काय बघणार गं?”

आजींचा हा शेवटचा प्रश्न लाखमोलाचा आहे, आणि तो या संस्थांनाही पडलेला असतो. नाताळच्या झाडाखालच्या ढिगात सपाट पाकीट हरवून जातं. मुलांना फाडायला कागद लागतो, हलवून बघायला खोका लागतो. म्हणून मग सभासदत्वाच्या कार्डासोबत काहीतरी येतं. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफकडून वाघ ‘दत्तक’ घेतला की कापसाचा वाघ घरी येतो. जंगलातल्या वाघाला अर्थातच दत्तक गेल्याची खबर नसते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाने तर २०११ पासून व्हॅलेंटाइन डेला आपल्याकडच्या मादागास्करच्या फुसकारणाऱ्या झुरळांना प्रिय व्यक्तीचं नाव द्यायची सोय केली आहे, प्रमाणपत्रासकट. लोक पैसे देऊन हे करतात. ज्याच्या नावाने झुरळ होतं तो खूश होतो की नाही, याचा अभ्यास कोणी करायला हवा.

न्यू जर्सीतल्या नातवाला मात्र त्या कागदाने वेगळाच खजिना मिळतो. विज्ञान संग्रहालयांची एक परस्पर प्रवेशाची योजना आहे, एएसटीसी पासपोर्ट नावाची. त्यात सहभागी असलेल्या एका संग्रहालयाचं सभासदत्व असलं की इतर शेकडो ठिकाणी सर्वसाधारण प्रवेश मोफत. फक्त एक अट : ते दुसरं संग्रहालय तुमच्या संग्रहालयापासून आणि तुमच्या घरापासून ९० मैलांच्या पलीकडे हवं. शेजारच्या गावातलं स्वस्त सभासदत्व घेऊन कोणी आपल्याच गावच्या संग्रहालयात फुकट शिरू नये म्हणून ही रेघ. त्यामुळे सुट्टीत गाडी काढून चार राज्यं फिरणारी कुटुंबं प्रवासाचा नकाशा आधी या यादीवर टाकून बघतात. आजींनी ठाण्यातून दिलेला कागद बॉस्टनच्या बाजूला कुठेतरी दार उघडत असतो.

आपल्याकडे सभासदांवर उभ्या राहिलेल्या संस्था नाहीत असं मुळीच नाही. ‘नॅशनल जिऑग्राफिक सोसायटी’च्या चार-साडेचार वर्षं आधी, १५ सप्टेंबर १८८३ ला मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले. सभासदांनी आपापले नमुने आणून ठेवायला जागा हवी होती, ती काही वर्षं हर्बर्ट फिप्सन यांच्या दारूच्या दुकानात मिळाली. पुढे संस्थेच्या जागेत विल्यम नावाचा धनेश पाळलेला होता. संस्थेच्या बोधचिन्हावर आज जो पक्षी दिसतो त्याची ही कुळकथा. एक चिमणी मारून ती कोणत्या जातीची हे विचारायला एक मुलगा १९०८ मध्ये या संस्थेत गेला आणि पुढे सलीम अली झाला.

आणि सणाला छापील गोष्ट भेट द्यायची चाल तर आपण काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला तेव्हापासून अंगवळणी पाडून घेतली आहे. दिवाळी अंकांचा संच परदेशातल्या भावाला पाठवणारी घरं आहेत, वाढदिवसाला ‘किशोर’ची वर्षाची वर्गणी भरणाऱ्या मावश्याही होत्या. मग ग्रंथालयांना, निसर्गमंडळांना, संशोधन संस्थांना ही भेट अजून म्हणावी तशी का साधलेली नाही?

माझा संशय ‘आजीव सभासद’ या प्राण्यावर आहे. एकरकमी पैसे घ्या, कायम निधीत टाका, व्याजावर संस्था चालवा, हा आपला लाडका मार्ग. बँका भरघोस व्याज देत होत्या तोवर तो चालला. पण १९७५ साली दोन-अडीचशे रुपये भरलेल्या सभासदाला संस्था आजही त्रैमासिक पाठवते, आणि त्या अडीचशेंचं आजचं वर्षभराचं व्याज अंकांच्या छपाईला आणि टपालालाही पुरत नाही. शिवाय त्याच्याकडे पुन्हा जायचं निमित्तच उरत नाही. दरवर्षी ‘यंदाही आहात ना आमच्याबरोबर?’ असं विचारण्यात जो संवाद असतो तो एकदाच पैसे घेऊन आपण कायमचा मिटवून टाकतो. वार्षिक अहवालाच्या शेवटी आजीव सभासदांची यादी छापलेली असते. त्यातल्या कितीतरी नावांना ‘कै.’ जोडायचं राहून गेलेलं असतं.

आपल्या करवर्षाचीही साथ नाही. ते संपतं मार्चअखेर, दिवाळी येते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. त्यामुळे देणगीची आवाहनं येतात ती परीक्षा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, कोणी कोणाला काही देत नसतं तेव्हा. पण नूतनीकरणाचं गणित दिवाळीशी झकास जुळतं. यंदाच्या पाडव्याला दिलेलं वर्षाचं सभासदत्व पुढच्या दिवाळीच्या आगेमागेच संपेल. अधिक मास आला तर दिवाळी अडीच-तीन आठवडे पुढे जाईल इतकंच. तेवढे दिवस संस्थेने सवलतीत द्यावेत. समजा, हजार रुपये वर्गणीच्या एखाद्या ग्रंथालयाच्या तीनशे सभासदांनी प्रत्येकी एका घरी सभासदत्व पाठवलं, तर तीन लाख रुपये आणि तीनशे नवी घरं. पुढच्या वर्षी त्यातली निम्मी गळाली तरी दीडशे उरतात, जाहिरातीला एक रुपया न घालवता.

त्यासाठी अर्ज नव्याने छापायचीही गरज नाही. आपल्या कितीतरी जुन्या संस्थांच्या सभासद-अर्जावर तळाशी दोन ओळी आधीपासून आहेत, सूचक आणि अनुमोदक. ग्रोव्हनरच्या अर्जावर होता तोच हा सूचक. त्याच्याकडून आपण आजवर फक्त सही घेत आलो.